किफायतशीर मोटारीचे मोल : कोरियन मोटार उद्योगाचा इतिहास आणि वाहनधारकांचा अनुभव (धर्माबाद परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

१९९१ च्या नवीन आर्थिक धोरणानंतर भारतीय बाजारपेठेत जे बदल घडून आले, त्यांपैकी सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांना सर्वांत आधी दिसलेला बदल रस्त्यावरचा होता. १९९३ मध्ये प्रवासी मोटारींचे उत्पादन परवानामुक्त झाले आणि त्यानंतरच्या दशकात अँबॅसेडर, प्रीमियर पद्मिनी व मारुती या तीन नावांपुरते मर्यादित असलेले मोटारविश्व झपाट्याने विस्तारले. या विस्तारात दक्षिण कोरियातील दोन उद्योगसमूहांचा वाटा मोठा आहे. देवू आणि ह्युंदाई हे दोन्ही समूह एकाच देशातून, एकाच दशकात आणि जवळपास एकच आश्वासन घेऊन भारतात आले. कमी किंमतीत अधिक सोयी, हे ते आश्वासन होय. त्यांपैकी एक समूह काही वर्षांतच लयास गेला, तर दुसरा देशातील अग्रगण्य मोटार उत्पादकांपैकी एक ठरला.

नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद हे तेलंगणाच्या सीमेवरील तालुक्याचे गाव मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. अशा गावातील कुटुंबाच्या दृष्टीने मोटार ही हौसेची वस्तू तर आहेच, परंतु ती प्रामुख्याने अनेक वर्षांच्या बचतीची आणि कर्जाच्या हप्त्यांची वस्तू आहे. महानगरातील ग्राहक फसला तर तो तीन-चार वर्षांत दुसरी मोटार घेतो. तालुक्याच्या गावातील ग्राहकाला ती मुभा नसते. म्हणून कोरियन मोटारींच्या 'किफायतशीर' या बिरुदाची खरी परीक्षा अशाच गावांत होते. प्रस्तुत लेखात या मोटारींचा इतिहास आणि त्यांच्याविषयी वाहनधारकांमध्ये रूढ झालेली मते यांचा या दृष्टीने विचार केला आहे.

कोरियन मोटार उद्योगाची जडणघडण

ह्युंदाई मोटर कंपनीची स्थापना चुंग जू-युंग यांनी डिसेंबर १९६७ मध्ये केली. शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या चुंग यांचा मूळ व्यवसाय बांधकामाचा होता. प्रारंभी कंपनी फोर्डच्या कॉर्टिना मोटारीची केवळ जुळणी करीत असे. १९७५ मध्ये 'पोनी' ही कंपनीची स्वतःची पहिली मोटार बाजारात आली. 'स्वतःची' हा शब्द येथे थोडा सैलपणे घ्यावा लागतो. तिचा आराखडा इटलीच्या जॉर्जेटो ज्युजारो यांचा, इंजिन जपानच्या मित्सुबिशीचे आणि उत्पादनाची घडी बसविणारे जॉर्ज टर्नबुल हे ब्रिटिश लेलँडमधून आलेले होते. इतरांकडून जे मिळेल ते घ्यावे, त्याची स्वस्त मोटार करावी आणि त्यातूनच स्वतः शिकावे, हा कोरियन पद्धतीचा गाभा या पहिल्याच मोटारीत दिसून येतो.

ही पद्धत एकदा चांगलीच अंगाशी आली. १९८६ मध्ये ह्युंदाईने अमेरिकेत 'एक्सेल' ही मोटार ४,९९५ डॉलर इतक्या कमी किंमतीत आणली व पहिल्याच वर्षी तिच्या १,६८,००० हून अधिक मोटारी विकल्या गेल्या. नव्याने आलेल्या परदेशी कंपनीसाठी हा विक्रम होता. मात्र लवकरच तिच्या निकृष्ट दर्जाच्या तक्रारी वाढल्या आणि ह्युंदाई हे नाव अमेरिकी दूरचित्रवाणीवरील विनोदवीरांच्या थट्टेचा विषय बनले. स्वस्त किंमतीमुळे ग्राहक एकदा येतो, परंतु मोटार टिकली नाही तर तो दुसऱ्यांदा येत नाही, हे कंपनीला मोठी किंमत मोजून कळले. १९९८ मध्ये तिने अमेरिकेत इंजिन व गिअरपेटीसाठी दहा वर्षे अथवा एक लाख मैल अशी हमी जाहीर केली. त्या काळी ही हमी धाडसाचीच समजली गेली. त्याच वर्षी ह्युंदाईने दिवाळखोरीत निघालेली किया ही कंपनीही ताब्यात घेतली. १९४४ मध्ये सायकलींचे सुटे भाग बनविण्यापासून सुरुवात केलेली किया ही कोरियातील जुनी कंपनी आहे. भारतात मात्र ती बरीच उशिरा, २०१९ मध्ये, आंध्र प्रदेशातील पेनुकोंडा येथील कारखान्यातून तयार झालेल्या 'सेल्टोस'द्वारे आली.

देवूची वाट वेगळी होती. किम वू-चूंग यांचा हा समूह कापड निर्यातीपासून जहाजबांधणीपर्यंत अनेक क्षेत्रांत पसरलेला होता. दुसऱ्यांच्या अडचणीत आलेल्या कंपन्या कर्ज काढून विकत घ्यावयाच्या व वेगाने विस्तार करावयाचा, असे त्याचे धोरण होते. भारतातही देवूने हेच केले. दिल्लीजवळील सुरजपूर येथे डीसीएम-टोयोटाचा हलक्या मालमोटारींचा कारखाना होता. त्यात प्रवेश करून देवूने १९९५ मध्ये 'सिएलो' ही मोटार आणली. जर्मनीच्या ओपेल कॅडेटवर बेतलेली ही मोटार प्रशस्त होती. मात्र तिचा पेट्रोलचा खर्च आणि एकूण किंमत पाहता ती लहान गावातील ग्राहकाच्या आवाक्याबाहेरच राहिली.

ह्युंदाईने मात्र भारतात भागीदार घेतला नाही. मे १९९६ मध्ये तिने पूर्ण मालकीची भारतीय कंपनी स्थापन केली आणि तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे नवा कारखाना उभारला. सुटे भाग बनविणारे कोरियन पुरवठादारही तिच्यासोबत तेथे आले. पुढील इतिहास पाहता या निर्णयाचे महत्त्व जाहिरातींपेक्षा अधिक होते, असे म्हणावे लागते.

१९९८ ची स्पर्धा

१९९८ या वर्षाच्या उत्तरार्धात अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने तीन नव्या लहान मोटारी भारतीय ग्राहकापुढे आल्या. ह्युंदाईची 'सँट्रो' २३ सप्टेंबर १९९८ रोजी दाखल झाली, तिच्यामागोमाग देवूची 'मॅटिझ' आली आणि डिसेंबरमध्ये पुण्याच्या टाटा मोटर्सची (तेव्हाची टेल्को) 'इंडिका' आली. तोपर्यंत लहान मोटार म्हणजे मारुती ८०० असे समीकरण होते.

या तिघींत दिसायला सर्वांत देखणी मॅटिझ होती. तिचा आराखडाही ज्युजारो यांच्याच संस्थेने मूळ फियाटसाठी केलेल्या एका नमुन्यावरून घेतला होता. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन, गोलसर बांधा आणि आतील नेटकी मांडणी यामुळे ती शहरांत लोकप्रिय झाली. सँट्रोच्या रूपाविषयी मात्र कोणी फारसे चांगले बोलले नाही. उंच, अरुंद आणि मागून काहीशी ओबडधोबड अशी ही मोटार होती. शिवाय ह्युंदाई हे नावही लोकांना अपरिचित होते. कंपनीने शाहरूख खान यांना घेऊन केलेल्या जाहिरातींत हे अपरिचितपण लपविले नाही. उलट कंपनीचा कोरियन अधिकारी नटाला गळ घालतो आणि नटच त्याला कंपनीविषयी शंका विचारतो, अशी त्यांची रचना होती. ग्राहकाच्या मनातील प्रश्न जाहिरातीतच विचारला गेल्याने त्याचा परिणाम झाला. इंडिकाचे बळ वेगळ्याच ठिकाणी होते. ती डिझेलवर चालत असल्याने मराठवाड्यात भाड्याच्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यांनी तिला उचलून धरले.

सँट्रोची प्रारंभीची किंमत तीन लाख रुपयांच्या आत ठेवण्यात आली होती. मारुती ८०० त्याहून स्वस्त होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. म्हणजेच ह्युंदाईने सर्वांत स्वस्त मोटार विकली नाही. थोडे अधिक पैसे देणाऱ्यास अधिक जागा, अधिक शक्तीचे इंजिन आणि संगणक-नियंत्रित इंधन पुरवठा देऊ केला. 'किफायतशीर' आणि 'स्वस्त' यांतील हा भेद ग्राहकाने ओळखला. मारुतीनेही तो ओळखला आणि १९९९ च्या अखेरीस उंच बांध्याची 'वॅगन-आर' आणून त्यास उत्तर दिले.

वाहनधारकांची मते

सँट्रोविषयी वाहनधारकांमध्ये जी मते रूढ झाली, त्यांत पहिले मत तिच्या उंचीविषयीचे आहे. ज्या बांध्याची शहरी वृत्तपत्रांतून थट्टा झाली, तोच बांधा गावाकडील कुटुंबांना सोयीचा ठरला. मारुती ८०० मध्ये बसताना माणसाला खाली वाकून आत शिरावे लागते आणि उतरताना गुडघ्यांवर भार देऊन उठावे लागते. सँट्रोचे आसन खुर्चीच्या उंचीचे असल्याने धोतर नेसणारे आजोबा व नऊवारी नेसणारी आजी यांना चढणे-उतरणे सोपे झाले. पटका किंवा टोपी छताला लागत नसे. धर्माबादहून बासरला सरस्वतीच्या दर्शनासाठी, नांदेडला लग्नकार्यासाठी किंवा आजारी माणसाला घेऊन हैदराबादच्या रुग्णालयात जाताना ज्येष्ठ मंडळी मोटारीत असतातच. या भागात मोटारीची उपयुक्तता चालकापेक्षा मागच्या आसनावर बसणाऱ्यावरून ठरते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

या उंचीचा तोटाही वाहनधारकांनी अनुभवला. वेगात वळण घेताना मोटार एका बाजूस कलते, महामार्गावर शेजारून मालमोटार गेली की हेलकावते, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येत असे. सामानाची जागा तोकडी होती. शहरातील गर्दीत पेट्रोलचा खर्च मारुतीपेक्षा अधिक येतो, हीदेखील सार्वत्रिक तक्रार होती. वातानुकूलन यंत्रणेविषयी मात्र समाधान व्यक्त होत असे. मराठवाड्यातील एप्रिल-मेचा उन्हाळा ज्याने अनुभवला आहे, त्याला या एका गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

अधिक गंभीर प्रश्न दुरुस्तीचा होता. मारुती ८०० च्या जुन्या मोटारींत कार्बुरेटर होता. तो उघडून, फुंकून, स्क्रू फिरवून पुन्हा बसविणारे कारागीर प्रत्येक तालुक्यात होते. सँट्रोमध्ये पेट्रोलचा पुरवठा संवेदक व नियंत्रक यांच्या साहाय्याने होत असल्याने बिघाडाचे निदान करण्यासाठी विशेष उपकरण लागे. ते अधिकृत सेवा केंद्रातच उपलब्ध असे. दुसरी बाब टायमिंग बेल्टची. इंजिनातील झडपांची हालचाल दट्ट्यांच्या हालचालीशी जुळवून ठेवणारा हा रबरी पट्टा ठराविक किलोमीटरनंतर बदलणे आवश्यक असते. तो बदलला नाही आणि धावत्या मोटारीत तुटला, तर झडपा दट्ट्यांवर आदळून इंजिनाचे मोठे नुकसान होते. 'चालू आहे तोवर हात लावू नये' ही ट्रॅक्टर व जीपच्या बाबतीत बऱ्याच अंशी खपून जाणारी वृत्ती येथे महागात पडण्यासारखी होती. नवे तंत्रज्ञान कमी बिघडते, पण बिघडल्यावर ते मालकाला गावाबाहेर जावयास लावते. धर्माबादच्या मालकासाठी गावाबाहेर म्हणजे नांदेड, अन्यथा सीमेपलीकडील निझामाबाद.

सीमेचा हा प्रश्न खरेदीच्या वेळीही उद्भवतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार मालक जेथे राहतो अथवा व्यवसाय करतो आणि वाहन सामान्यतः जेथे ठेवले जाते, त्या राज्यातच वाहनाची नोंदणी व्हावी लागते. दुसऱ्या राज्यात नोंदलेले वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास नव्याने नोंदणी करून घेणे बंधनकारक आहे. म्हणून निझामाबाद व्यवहारासाठी कितीही जवळचे असले, तरी धर्माबादच्या ग्राहकाच्या दृष्टीने नांदेडचा एम.एच. २६ हाच क्रमांक सोयीचा ठरतो. तेलंगणातील जुनी मोटार स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यास ना-हरकत प्रमाणपत्र आणि येथील कर यांचा हिशेब आधी करावा लागतो.

देवूची अखेर आणि मॅटिझचे मालक

१९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात कोरियातील कर्जबाजारी समूह उघडे पडले. १९९९ मध्ये देवू समूह कोसळला, त्याचे संस्थापक देश सोडून गेले आणि नोव्हेंबर २००० मध्ये देवू मोटर दिवाळखोर घोषित झाली. २००२ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सने तिचा मोठा भाग विकत घेतला, परंतु भारतातील सुरजपूर कारखाना त्या व्यवहारात नव्हता. परिणामी भारतातील उत्पादन थांबले व मॅटिझचे मालक वाऱ्यावर पडले.

मोटारीत दोष होता म्हणून असे घडले नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. मॅटिझ ही अनेकांच्या मते सँट्रोइतकीच चांगली, काही बाबतींत सरस मोटार होती. उझबेकिस्तानात तर ती पुढे दीर्घकाळ तयार होत राहिली. भारतातील मालकाला मात्र बंपर, काच, दिवे अशा साध्या वस्तूंसाठी दिल्लीच्या सुट्या भागांच्या बाजारावर अवलंबून राहावे लागले. अधिकृत केंद्र बंद झाले की कारागीर ती मोटार हाती घेण्यास कचरतो, कारागीर मिळत नाही म्हणून जुन्या बाजारात गिऱ्हाईक येत नाही आणि गिऱ्हाईक नाही म्हणून किंमत उतरते. हे चक्र एकदा सुरू झाले की चांगली चालणारी मोटारदेखील भंगाराच्या भावाने द्यावी लागते. कर्जाचे हप्ते मात्र मूळ किंमतीवरच भरावे लागतात.

याउलट सँट्रो २००३ मध्ये 'झिंग' या नव्या रूपात आली व २०१४ पर्यंत तयार होत राहिली. २०१८ मध्ये हे नाव पुन्हा वापरात आले आणि २०२२ मध्ये ते मागे घेण्यात आले. दरम्यान आय-१० (२००७), आय-२० (२००८), ईऑन (२०११) व क्रेटा (२०१५) यांमुळे कंपनीचा ग्राहकवर्ग विस्तारत गेला. सेवा केंद्रांचे जाळे जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत आले, तिच्या इंजिनाशी स्थानिक कारागिरांचा परिचय झाला आणि पर्यायी सुटे भाग बाजारात मिळू लागले. सँट्रोच्या उत्तरायुष्यातील किफायतशीरपणा हा असा कंपनी व कारागीर या दोघांनी मिळून घडविलेला आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न

किफायतशीर मोटारींच्या हिशेबात एक रकाना बराच काळ रिकामा राहिला होता. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान मोटारींची धडक-चाचणी केली. त्यांत ह्युंदाईच्या आय-१० सह पाचही मोटारींना प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी शून्य तारे मिळाले. तपासलेल्या मोटारींत हवापिशव्या नव्हत्या. २०१६ मध्ये ईऑनच्या वाट्यासही शून्यच आले. २०२० मध्ये ग्रँड आय-१० निऑसला दोन व सेल्टोसला तीन तारे मिळाले. या त्रुटीबद्दल केवळ कोरियन कंपन्यांना दोष देणे योग्य होणार नाही, कारण त्या काळातील बहुतेक लहान मोटारींची स्थिती अशीच होती. परंतु त्याच कंपन्या परदेशातील ग्राहकाला ज्या गोष्टी मूलभूत म्हणून देत होत्या, त्या येथे अधिक किंमतीच्या आवृत्तीत किंवा मुळीच देत नव्हत्या, ही वस्तुस्थिती आहे. कातडी आवरणाचे आसन आणि मोठा पडदा यांवर भाळणाऱ्या ग्राहकाचाही त्यात काही वाटा होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये ह्युंदाईने भारतातील आपल्या सर्व मोटारींत सहा हवापिशव्या प्रमाणित केल्या व त्याच सुमारास नव्या व्हर्नाला पाच तारे मिळाले. तथापि जुन्या बाजारातून मोटार घेणाऱ्या तालुक्याच्या गावांतील रस्त्यांवर पुढील अनेक वर्षे शून्य ताऱ्यांच्याच मोटारी धावणार आहेत.

तळेगाव : महाराष्ट्रातील कोरियन सूत्र

देवूची कथा सुरजपूरला संपली, असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात तिचे एक सूत्र महाराष्ट्रात येऊन पोहोचले. देवू ताब्यात घेतल्यानंतर जनरल मोटर्सने मॅटिझचीच सुधारित पिढी २००७ मध्ये 'शेव्हरोले स्पार्क' या नावाने भारतात आणली. सप्टेंबर २००८ मध्ये पुणे जिल्ह्यातील तळेगाव येथे कंपनीचा नवा कारखाना सुरू झाला, तेव्हा तेथे स्पार्क तयार होऊ लागली. २०१० मध्ये आलेली 'बीट'देखील कोरियातच विकसित झालेली होती. नाव अमेरिकी, मूळ कोरियन आणि उत्पादन मराठी मुलखातील, अशी ही मोटार ग्रामीण ग्राहकांनीही घेतली. बीटच्या ९३६ घनसेंटिमीटरच्या लहान डिझेल इंजिनाचे त्यांना विशेष आकर्षण होते.

मे २०१७ मध्ये जनरल मोटर्सने वर्षअखेरीस भारतातील विक्री बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. या वेळी सेवा व सुटे भाग पुरविण्याचे आश्वासन देण्यात आले, हा मॅटिझच्या प्रसंगाहून झालेला फरक होय. तरीही जुन्या बाजारात शेव्हरोलेच्या मोटारींचे भाव घसरले. तळेगावातून निर्यातीसाठीचे उत्पादन डिसेंबर २०२० पर्यंत चालले. त्यानंतर एक हजारांहून अधिक कामगारांच्या उपजीविकेचा प्रश्न निर्माण होऊन तो न्यायालयापर्यंत गेला. चीनच्या ग्रेट वॉल कंपनीशी झालेला विक्रीचा करार आवश्यक मंजुरीअभावी २०२२ मध्ये बारगळला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना विकत घेण्याच्या करारावर स्वाक्षरी केली. ज्या जागी देवूच्या वंशातील मोटार तयार होत होती, तेथे देवूचाच जुना प्रतिस्पर्धी आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाईच्या भारतीय कंपनीने सुमारे २७,८७० कोटी रुपयांची समभाग विक्री केली. तोपर्यंतची ती देशातील सर्वांत मोठी प्राथमिक समभाग विक्री ठरली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तळेगावच्या कारखान्यातून मोटारींचे उत्पादन सुरू झाले. तेथे प्रथम नवी 'व्हेन्यू' घेण्यात आली.

धर्माबादच्या रस्त्यावर आज व्हेन्यू आणि बीट या दोन्ही मोटारी शेजारी उभ्या असलेल्या आढळू शकतात. दोन्ही तळेगावच्याच. एकीच्या मालकाला सुटा भाग नांदेडच्या अधिकृत केंद्रात मागता येतो, तर दुसरीचा मालक तोच भाग हैदराबादेत किंवा पुण्यात कोणाकडे शिल्लक आहे का, याची दूरध्वनीवरून चौकशी करीत असतो.